तक्ता ४.७, पान दुसरं

प्रबंध लिहिणाऱ्याला वाटतं, प्रबंध त्याने लिहिला. खरं तर तो ढिगारा आणून टाकतो, आणि त्या ढिगाऱ्याचा प्रबंध आम्ही करतो. सावंगीला मेडिकल कॉलेजच्या रस्त्यावर झेरॉक्स आणि टायपिंगची दुकानं आहेत. त्यातल्या एका दुकानात मी चौदा वर्षं बसते आहे. तक्त्याचं नाव तक्त्याच्या वर आणि आकृतीचं नाव आकृतीच्या खाली, एवढी साधी गोष्ट मी किती होऊ घातलेल्या डॉक्टरांना शिकवली असेल, त्याची गणतीच नाही. एकाने पानात बसावा म्हणून एक्स-रेचा फोटो आडवा ताणला होता. मी म्हटलं, "डॉक्टर, या पेशंटवरून काय रोडरोलर गेलता?" तो ओशाळला. आमचे मालक मुकेशभाऊ मला म्हणतात, "उज्वलाताई, जरा जीभ आवरा, गिऱ्हाईक पळते." पण गिऱ्हाईक पळत नाही, कारण तक्ते माझ्यासारखे कोणी करत नाही. याचा मला गर्व होता. होता म्हणते, कारण आता तो राहिला नाही.

दुकानात बहुतेक काम इंग्रजीत. मराठी प्रबंध आला की तो माझ्या टेबलावर. फेब्रुवारीत अंकिता नावाची समाजकार्याची विद्यार्थिनी असाच एक घेऊन आली. विषय होता, भाजीपाला पिकवणाऱ्या बायांच्या फवारणीच्या सवयी. चार गावं पालथी घालून तिने एकशेवीस बायांना विचारलं होतं. मुलगी कामाची होती, कुठून उचलून आणलेलं काही नव्हतं. तिचा सगळा जीव तक्ता ४.७ मध्ये होता. पीक, औषध, मग 'शिफारस केलेले प्रमाण' आणि शेवटी 'प्रत्यक्षात वापरलेले प्रमाण'. म्हणजे किती टाकायला पाहिजे आणि बाया किती टाकतात. बाया तिप्पट-चौपट टाकतात, हे तिला दाखवायचं होतं.

तक्ता दोन पानांचा. तक्ता पुढच्या पानावर गेला की रकान्यांची नावं, म्हणजे मथळा, त्या पानाच्या डोक्यावर पुन्हा आला पाहिजे, हा माझा नियम. मथळा नसला तर आकडे नुसते आकडे असतात, ते कशाचे ते कोणाच्या बापाला कळत नाही. मी मथळा पुन्हा घेतला होता. पण त्यामुळे तक्त्याची शेवटची ओळ आणि खालची टीप तिसऱ्या पानावर जाऊन पडली. अंकिताच्या सरांनी त्यावर लाल पेनाने गोल केला. अख्ख्या पानावर एक ओळ, हे चालणार नाही. दुसऱ्या दिवशी प्रबंध जमा करायचा होता, बाइंडिंगवाला पाच वाजता येणार होता. अक्षर लहान करावं तर सगळ्याच तक्त्यांचं करावं लागणार, रकाने पुन्हा, रेघा पुन्हा. मी घड्याळाकडे पाहिलं आणि मथळा पुन्हा घेण्याची खूण काढून टाकली. दुसऱ्या पानावरचा मथळा गेला, तेवढी जागा झाली, ती एकटी ओळ टिपेसकट वर येऊन बसली. अंकिताने टाळीच वाजवली.

"ताई, तुमी जादूगार आहे."

मला बरं वाटलं. दिवसभर बरं वाटत राहिलं, हे मुद्दाम सांगते.

छापताना त्याच दुसऱ्या पानावर पृष्ठक्रमांक चुकला. ते पान आम्ही बदललं आणि चुकलेलं रद्दीच्या खोक्यात टाकलं. आमच्या दुकानातली रद्दी ज्याला पाहिजे त्याने न्यावी अशी पद्धत आहे. मी नेते, कारण माझ्या सासूबाईंना बियांच्या पुड्या करायला ती लागते. वांग्याचं बी, मिरचीचं बी, सांभाराचं म्हणजे कोथिंबिरीचं बी, सगळं त्या पुडीत बांधून पत्र्याच्या डब्यात ठेवतात. त्या दिवशी मी दहा-बारा कागद पिशवीत टाकले आणि आंजीची, म्हणजे आमच्या गावची, एसटी पकडली.

सासूबाईंचं नाव धुरपता. वय बासष्ट, शिक्षण सातवी पास, आणि त्या सातवीचा तोरा एखाद्या एमएवालीला नसेल एवढा. आमच्याकडे सात बायांचा भाजीपाल्याचा गट आहे. विहिरीच्या अंगाला सगळ्यांचे वाफे एकाला एक लागून. त्या सातजणींत चष्मा लावून घडाघडा वाचणाऱ्या सासूबाई एकट्या. बँकेचं पत्र त्यांनीच वाचायचं, ग्रामपंचायतीची नोटीस त्यांनीच, औषधाच्या डब्यावरचं बारीक अक्षरही त्यांनीच. पुडी करायच्या आधीही कागद पहिले वाचायचा. मी चिडवायची, "आई, पुडी करून राह्यल्या का परीक्षेले बसून राह्यल्या?" त्या म्हणायच्या, "छापलेलं हाय वं. कोनं मेहनत केली असन. वाचल्याबिगर काऊन दुमडाचं?"

मार्चच्या पहिल्या आठवड्यात गटाच्या वांग्यांवर माव्याची कीड आली. त्याच दिवसांत सासूबाईंच्या हाताला ते पान लागलं. 'वांगी, निमतेल, ७५, ३००.' त्यांनी ओळ वाचली. मग खालची टीपही वाचली, सर्व प्रमाण मिलीमध्ये, पंधरा लिटरच्या एका पंपासाठी. टीप वाचणारी माणसं मी प्राध्यापकांतही फार पाहिली नाहीत. आता एका पिकापुढे दोन आकडे का, याचा त्यांनी विचार केला. वर मथळा नव्हता. मग त्यांनी स्वतःच्या अकलेने लावलं की पहिला आकडा पहिल्या फवारणीचा आणि दुसरा दुसऱ्या फवारणीचा. त्यांची बीपीची गोळी डॉक्टरांनी अशीच दिली होती, आधी अर्धी, मग पूर्ण. यात काय चुकलं ते मला कोणी दाखवून द्यावं.

त्या मला बोलल्याही होत्या. मी जेवत होते, त्या भाकरी टाकत होत्या.

"तुया कागदात लय कामाचं निंगते वं. दवाईचं समदं लिहून हाय."

"निंगन नाई त काय," मी म्हटलं. "माया हातचे कागद आहे ते." आणि हसले. कोणता कागद, एवढं विचारलं असतं तर?

पहिली फवारणी पंच्याहत्तरची. चार दिवसांत मावा गळाला, पानं टवटवीत झाली. शेजारच्या वाफ्याच्या कौशल्याबाई सासूबाईंच्या तीस वर्षांच्या मैत्रीण. वर्ध्याच्या बाजारात दोघी एकाच बारदानावर बसून भाजी विकत. त्या बांधावर उभ्या राहून ओरडल्या, "धुरपते, तू त कृषी अधिकारी झाली वं!" सासूबाई आठ दिवस त्या एका वाक्यावर जगल्या. पोळीवर तूप जास्त पडत होतं.

मग दुसरी फवारणी. पंपाला तीनशे. सातही वाफ्यांवर, मार्चअखेरच्या उन्हात.

तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी झाल्या. पाचव्या दिवशी पानं चिरुटासारखी वळली आणि फुलं खाली पडली. तो रविवार होता, मी घरीच होते. आरडाओरडा ऐकून मी आणि माझे यजमान किशोर वावरात गेलो. कौशल्याबाईंची वांगी नुकती फुलावर आलेली, त्यांचं सगळ्यांत वाईट झालं होतं. सगळ्या बाया गोळा झालेल्या. कौशल्याबाईंनी एक जळकं पान सासूबाईंच्या तोंडासमोर धरलं होतं.

"तुले वाचता येत नाई त सांगाचं होतं न बाई. आमी दुसऱ्या कोनाले इचारलं असतं."

"मले वाचता येते," सासूबाई म्हणाल्या.

"मंग हे काय हाय? हेच लिहून होतं का त्यात, समदं जाळा म्हनून?"

तीस वर्षं ज्या बाईने यांची पत्रं वाचली, तिच्या बाजूने एकीलाही बोलावंसं वाटलं नाही. मला त्या सगळ्यांचा राग आला. अजून पाच मिनिटं मला राग येण्याचा हक्क होता.

घरी आल्या आल्या सासूबाईंनी पत्र्याचा डबा उघडला. मिरचीच्या बियांची एक पुडी काढली, बी वाटीत ओतलं आणि कागद मांडीवर सरळ केला. मग माझ्यापुढे धरला. ओळीवर त्यांचं बोट होतं.

"बघ बरं उज्वला. मी यात कुठं चुकली?"

माझं काम मला न वाचताच ओळखू येतं. रेघांची जाडी, आकड्यांची उजवी कड, सगळं माझं. पानाचं डोकं उघडं. मला एका क्षणात कळलं की ती चूक कोणाची.

किशोर दारात उभे होते. बाहेर कौशल्याबाईंचा आवाज अजून येत होता. माझ्या डोक्यात काय आलं ते जसंच्या तसं सांगते. म्हाताऱ्या बाईची चूक गाव महिनाभरात विसरेल, पण सुनेच्या कागदाने सात घरांची वांगी जाळली हे माझी पोरं मोठी होईस्तोवर ऐकवलं जाईल. मी जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर तोंड सोडलं, आणि माझी वेळ आली तेव्हा शेपूट घातलं.

"अक्षर बारीक आहे, आई," मी म्हणाले. "चष्म्याचा नंबर वाढला असन तुमचा. होत राह्यते असं."

"म्हंजे मी चुकली?"

"हो."

त्यांनी बोट ओळीवरून उचललं. कागदाची घडी केली, बी परत पुडीत भरलं. मग चष्मा काढला आणि तोही त्याच डब्यात ठेवला. मला वाटलं, काम करताना काढून ठेवला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गोळ्यांची पट्टी माझ्या हातात दिली. "हे बीपीचीच हाय न, पाह्य बरं." ती पट्टी त्या सहा वर्षं स्वतः पाहून घेत होत्या. मग रोजच. वीजबिल आलं, न उघडताच किशोरांच्या हातात. वर्ध्याच्या बसस्टँडवर त्यांनी शाळेतल्या एका पोरीकडून एसटीची पाटी वाचून घेतली, हे मला शेजारणीकडून कळलं. गटात वाचायचं काम कौशल्याबाईंच्या सुनेकडे, रूपालीकडे गेलं. सासूबाई बैठकीत मागे भिंतीला टेकून बसू लागल्या. कौशल्याबाईंनी बाजारात आपलं बारदान उचलून पार पलीकडच्या ओळीत नेलं. पुड्या बांधणं चालू होतं, पण कागद आता वाचला जात नव्हता. हाताला येईल तो दुमडायचा. घरात मी रद्दी आणून ठेवत होते आणि माझ्यासमोर तो न वाचता दुमडला जात होता.

रोज एसटीत बसले की मी ठरवायची, आज सांगायचं. उतरले की तोंड शिवलेलं. चांगला स्वयंपाक केला, पाय चेपून दिले, एवढं सगळं केलं. खरं सोडून सगळं केलं.

एप्रिलच्या मध्यावर किशोर त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा दोघंही ओट्यावर बसले होते.

"काय म्हनलं डॉक्टरनं?" मी विचारलं.

"नंबर तोच आहे," किशोर म्हणाले. "डोळे चांगले आहे म्हने आईचे."

सासूबाई पदराने तोंड पुसत होत्या. हळूच म्हणाल्या, "मंग डोक्यातच फरक पडला असन. माया मायचंही असंच झालतं शेवटी. मानसं ओळखू नाई ये तिले."

मी आत गेले आणि मोरीत तोंडावर पाणी मारत राहिले. भीती वाटली. या बाईला मी आंधळी ठरवू शकले नाही, तर ती आता स्वतःला वेडी ठरवायला निघाली होती, आणि तिच्यापाशी दुसरा काही पर्यायही मी ठेवला नव्हता.

दोन दिवसांनी अंकिता दुकानात पेढे घेऊन आली. चांगल्या गुणांनी पास झाली होती. काळ्या रेक्झिनची, सोनेरी अक्षरांची एक प्रत तिने खास माझ्यासाठी आणली होती. ऋणनिर्देशात माझं नाव होतं, 'नेटक्या मांडणीबद्दल उज्वलाताईंचे आभार.' मी उभ्याउभ्या तक्ता ४.७ उघडला. पहिलं पान मथळ्यासकट, दुसरं उघडं.

"अंकिता, इथं मथळा नाई," मी म्हणाले.

तिने मान वाकवून पाहिलं आणि हसली. "जाऊ द्या ना ताई. दुसरं पान कोन पाह्यते?"

तिला ओरडावं असं तोंडापर्यंत आलं होतं. पण तिला काय म्हणून ओरडणार? तिने फक्त टाळी वाजवली होती. ती गेल्यावर मी जुनी फाइल उघडली, मथळ्याची खूण पुन्हा लावली आणि तक्ता छापला. शेवटची ओळ आणि टीप तिसऱ्या पानावर गेली. जाऊ दिली. मुकेशभाऊंना म्हटलं, सोमवारी मी येणार नाही.

सोमवारी गटाची बैठक समाजमंदिरात असते. सासूबाई नेहमीप्रमाणे मागे भिंतीला. मी आत गेले तेव्हा रूपाली कसलंतरी पत्र अडखळत वाचत होती. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. एक ओळ बसवायला मथळा काढला, ते पान घरी आणलं, आईंनी ते बरोबर वाचलं. दुसरा आकडा किती टाकायचं याचा नव्हता, बाया चुकून किती टाकतात त्याचा होता, पण तसं कागदावर कुठे लिहिलेलंच नव्हतं. आणि आईंनी मला विचारलं तेव्हा मला हे कळलं होतं, तरी मी त्यांना चुकलात म्हणाले.

शेवटचं वाक्य म्हणताना मी सासूबाईंकडे पाहू शकले नाही. पुडीतला जुना कागद आणि नवे कागद सतरंजीवर ठेवले. कौशल्याबाईंनी ते उचलले. त्यांना वाचता येत नाही. तरी जुन्या आणि नव्या पानांची डोकी त्यांनी आलटूनपालटून पाहिली, आणि एकीकडे काहीतरी आहे, एकीकडे नाही, हे त्यांनाही दिसलं.

"म्हंजे धुरपतेनं बराबर वाचलं होतं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "अन् तू तीन हप्ते गप राह्यली? कशी मानूस हायेस वं तू?"

मी ऐकून घेतलं. आणखी दोघी-तिघी बोलल्या, तेही घेतलं. मग कौशल्याबाई उठल्या, मागे भिंतीपाशी गेल्या आणि नवे कागद सासूबाईंपुढे धरले. "वाच," एवढंच म्हणाल्या.

चष्मा घरी डब्यात होता. सासूबाईंनी कागद हातभर लांब धरले, डोळे बारीक केले आणि मोठ्याने वाचलं. पीक. औषध. शिफारस केलेले प्रमाण. प्रत्यक्षात वापरलेले प्रमाण. मग वांग्याची ओळ. मग सगळ्या ओळी, तिसऱ्या पानावरच्या त्या एकटीसकट, आणि टीपही. कुठे अडखळल्या नाहीत. वाचून झाल्यावर कागद घडी करून कौशल्याबाईंच्या हातात दिले, आणि कौशल्याबाई त्यांच्या बाजूला भिंतीला टेकून बसल्या.

मला वाटलं, सुटले. घरी जाताना त्या पुढे, मी मागून. ओट्याची पायरी चढून त्या थांबल्या.

"मथळा राह्यला, ते समजते मले. मानसाच्या हातून राह्यते. कागदाले बोलता येत नाई." त्या माझ्याकडे पाहत होत्या. "तुले तं येत होतं न?"



आत जाऊन त्यांनी पत्र्याचा डबा उघडला, बियांमधून चष्मा काढला, पदराने पुसला आणि डोळ्यांवर चढवला. गोळीची वेळ झाली होती. मी सवयीने फडताळातून पट्टी काढली आणि नाव वाचायला उजेडाकडे धरली.

"ठेव ते," सासूबाई म्हणाल्या. "मायं मी वाचून घेईन."